पाच गाड्यांचा माल

मला वाहनांतलं फार कळतं, असं आमच्या भागात लोक समजतात. कोणी टेम्पो घ्यायला निघालं की आधी माझ्या ओट्यावर येऊन बसतं. "भाऊ, कोणता घेऊ?" मी विचारतो, नेणार काय? वजन किती? रोज किती आणि हंगामात किती? परतताना रिकामा येणार की काही भरून आणणार? माणूस वैतागतो. त्याला रंगाबद्दल आणि हॉर्नबद्दल बोलायचं असतं. पण वजन सांगितल्याशिवाय मी पुढं सरकत नाही. "आठ दिवस मोज आणि मग ये," म्हणून सांगतो. काहीजण परत येतात, काहीजण मला विक्षिप्त ठरवून दुसरीकडे जातात. हे शहाणपण मी कुठून आणलं, ते मात्र मी कोणाला धड सांगितलेलं नाही. त्याची किंमत मी मोजली असती तर एव्हाना सांगूनही मोकळा झालो असतो. ती दुसऱ्यानं मोजली.

आमचं गाव गिरणेच्या काठी, पाचोऱ्यापासून नऊ मैलांवर. माझे वडील केळीच्या वाहतुकीचं काम करत. त्यांना घरात आणि गावात सगळेच नाना म्हणत, मीही नानाच म्हणे. नदीकाठच्या बागांतून सकाळी घड कापायचे, बैलगाड्यांत घालायचे आणि पाचोऱ्याच्या मालधक्क्यावर पोचवायचे, एवढं आमचं काम. तिथं केळी विकत घेणाऱ्या शेठजींची माणसं घड मोजून घेत आणि वॅगनीत भरत. सावद्याकडे केळीच्या वॅगनींची रांग लागते म्हणत. आमच्याकडे एखाददुसरीच लागे, पण तिच्यावर गावातली बरीच घरं चालत.

नानांच्या कामाला पाच गाड्या होत्या. गाडी आणि बैल ज्याचे त्याचे, काम नानांचं. शेतकऱ्याकडून नानांना घडामागे वाहतूक मिळे आणि गाडीवानाला नाना फेरीमागे देत. दुपारी जेवण आटोपून पाचही गाड्या एकामागे एक निघाल्या, की त्यांच्या घुंगरांवरून आई वेळ ओळखायची. त्यात सर्वांत पुढं असायचे आबा. पाच गाडीवानांत ते वयानं मोठे. बोलणं कमी, मिशा पांढऱ्या, आणि जोडी अशी की दुसऱ्या गावची माणसं थांबून बघत. लहानपणी कासरा हातात धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

आमच्या घरात एक नियम होता. गाडीत घड एकेरी थरातच ठेवायचे. तळाला केळीच्या पानांची जाड गादी, तिच्यावर आडवे घड, वरून पुन्हा पानं. घडावर घड ठेवायचा नाही. नाना म्हणत, "केयीले वझं सोसत नही." केळीला ओझं सोसत नाही, हे मी मराठी बाराखडीच्या आधी शिकलो असेन. मालधक्क्यावर तेच घड वॅगनीत उभे करून, एकावर एक पार छातीपर्यंत रचले जाताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी कधी डोक्यात प्रकाश पडला नाही. घरातलं वेदवाक्य आणि डोळ्यांसमोरची गोष्ट, दोन्ही मी गुण्यागोविंदानं नांदू दिली.

सदुसष्ट साली मी जळगावहून बी.कॉम. होऊन घरी आलो. आल्या दिवसापासून घरात पुस्तकी मराठी बोलायला लागलो. आई शेजारणीला म्हणाली, "हाऊ घरमा शे का कोर्टमा उभा शे?" मला ते लागलं नाही. आईला कळत नाही, नानांना कळत नाही आणि गावाला तर मुळीच कळत नाही, अशी माझी त्या वर्षी पक्की समजूत होती.

गाडीची खरोखर गरज होती, एवढं मात्र मी माझ्या बाजूनं सांगतो. शेठजींनी निरोप पाठवला होता, की वॅगन आता दोन तास आधी बंद होईल, तेवढ्यात माल आला तर ठीक. बैल काही धावत नाहीत. त्याच महिन्यात एका दुपारी दोन गाड्या धक्क्यावर पोचेपर्यंत वॅगनीचं दार लागलं, आणि भरलेला माल तसाच नऊ मैल परत आला. चार दिवसांत ती केळी आमच्या अंगणात पिकून फुटली. गुरांनीसुद्धा तोंड फिरवलं. नाना त्या घडांकडे बघत बसले होते. मी म्हणालो, "नाना, मोटार घेतल्याशिवाय गत्यंतर नाही."

नानांनी एक फुटलेलं केळ उचलून बाजूला टाकलं. मग त्यांनी एकच विचारलं, "ह्या पाच जणेसनं काय?"

मी तयारच होतो. एकजण मोटारीवर क्लीनर, दोघं गावात भरायला, दोघं पाचोऱ्याला उतरवायला. पाचही जणांना काम देईन, एकालाही घरी बसवणार नाही, असा शब्द मी ओट्यावर उभा राहून दिला. पाचहीजण समोर बसलेले होते. आबांनी मान हलवली. नाना म्हणाले, "मंग दख." मग बघ, या दोन शब्दांवर मी उडालो.

मग मी कागद घेतला. रोज गाड्या किती? पाच. प्रत्येक गाडी भरून? भरून. एका गाडीच्या तळाची लांबी-रुंदी काढली, तिला पाचनं गुणलं, आणि आमच्या मालाला केवढी मोटार लागेल ते दहा मिनिटांत काढून मोकळा झालो. वर लग्नसराईतली वऱ्हाडं आणि गावची यात्रा धरली. गावात मोटार असेल तर वऱ्हाड न्यायला कोणाला नाही कसं म्हणणार? तो कागद मी नानांना दाखवला. नानांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला. त्यांना वाचता येत होतं. मला वाटलं, आकड्यांपुढं गप्प झाले.

गाडी बघायला मी धुळ्याला गेलो. नानांनी आबांना सोबत धाडलं. आग्रा रोडवर तेव्हा गॅरेजांची रांग होती. कोणीतरी नाव सांगितलेल्या एका मिस्तरीकडे आम्ही गेलो. त्याच्या आवारात विकाऊ गाड्या दोनच होत्या. एक लष्करातून लिलावात निघालेला पेट्रोलचा ट्रक, चाकं माझ्या छातीएवढी. दुसरा तीनचाकी टेम्पो, डिझेलचा, पुढून बेडकासारखा दिसणारा. मी टेम्पोकडे बघून हसलो आणि ट्रकच्या पायरीवर चढलो.

मिस्तरी हात पुसत आला. त्यानं विचारलं, "माल किती?"

"पाच बैलगाड्या."

"गाड्या नका सांगू. वजन सांगा."

वजन मला माहीत नव्हतं. बी.कॉम. झालेल्या माणसाला स्वतःच्या घरच्या मालाचं वजन माहीत नाही, हे कबूल करायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "पाच गाड्या भरून म्हणजे किती, ते तुम्हीच समजा."

मिस्तरी शांत माणूस होता. तो म्हणाला, "हा ट्रक लिटरला जेमतेम दीड मैल जाईल. भरून न्या नाहीतर रिकामा न्या, पिणार तेवढंच. टेम्पो त्याच लिटरात दहा मैल जातो, आणि डिझेल स्वस्तही आहे. पण त्यात टनाच्या वर माल घालायचा नाही. तुमचं काम रोजचं आहे. आधी आठ दिवस माल काट्यावर तोला आणि मग या. गाडी काही पळून जात नाही."

मी वऱ्हाडाचं आणि यात्रेचं काढलं. तो म्हणाला, "वर्षातल्या चार दिवसांसाठी तीनशे साठ दिवस पेट्रोल जाळणार का? त्या चार दिवसांपुरती गाडी भाड्यानं मिळते."

तेव्हा मागून आबा हळूच म्हणाले, "भाऊ, मिस्तरी बरोबर सांगी ऱ्हायना. आठ दिन मोजी ल्या."

मी वळून म्हणालो, "आबा, तुम्ही बैलांचं बघा. इंजिनाचं मला कळतं."

 आबा जाऊन एका टायरवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसू लागले. ते वाक्य माझ्या तोंडून गेल्याला आता किती वर्षं झाली, तरी ते मला जसंच्या तसं ऐकू येतं.

ट्रक गावात आला तेव्हा शाळा सुटली. आईनं चाकांना कुंकू लावलं, नारळ फोडला. आबांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, त्याच्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हाऊ हत्ती शे, भाऊ. याले रोज चारा लागी." लोक हसले, मीही हसलो. गाव ट्रकला हत्तीच म्हणायला लागलं आणि मला ते मानाचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी माल भरला. ड्रायव्हर धुळ्याचा, आमचा नियम त्याला ठाऊक नव्हता. त्यानं घड उभे करून वॅगनीत रचतात तसे रचायला लावले. मी ओरडलो, "घडावर घड नको!" तो म्हणाला, "साहेब, हिरवी केळी आहेत, काचेच्या बांगड्या नाहीत." वेळ कमी होता, मी गप्प बसलो. सगळा माल भरून झाला तेव्हा ट्रकचा पुढचा भाग कसाबसा भरला होता. मागं मोकळी जागा एवढी, की तिथं चारजणांनी पत्ते खेळले असते.

"बाकीचा माल कुठंय?" मी विचारलं.

चौघं दोऱ्या आवळायला लागले. आबा पानं गोळा करत होते. ते वाकूनच राहिले.

मला वाटलं, पहिला दिवस आहे, काही शेतकऱ्यांनी मोटारीच्या भीतीनं घड कापलेच नसतील. पाचोऱ्याला एकही घड दुखावलेला निघाला नाही. शेठजींचे मुनीम म्हणाले, "माल रोजच्याइतकाच आहे." मला वाटलं, मुनीम आपलं चांगलं बोलतात. माणसाला जे ऐकायचं नसतं, ते त्याच्या कानाशी येऊन परत जातं.

मग रोज तेच सुरू झालं. अर्धा ट्रक भरून जाई आणि पूर्ण रिकामा परत येई. पाचोऱ्याच्या पंपावर पेट्रोलची नळी टाकीत गेली की बाहेर यायचं नाव घेत नसे. तिथं उभा राहून मी आधी लिटर मोजत असे. पुढं मी माणसं मोजायला लागलो. आज एवढं गेलं, म्हणजे एका माणसाची मजुरी गेली. आज गेअर फार बदलावे लागले, नाल्यात चिखल होता, म्हणजे दोघांची गेली. महिना संपता संपता मी पाचोऱ्याला उतरवणाऱ्या दोघांना सांगितलं, की शेठजींचे हमाल आहेतच, तुम्ही थोडे दिवस थांबा. त्यांतला एकजण पंधरा दिवसांत सुरतेला गिरणीत गेला. त्याची बायको पोरांना घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभी होती, मी ट्रकमधून बघितलं आणि काच वर केली.

पुढल्या महिन्यात क्लीनरचं काम मीच करायला लागलो. शेवटी भरणाऱ्या दोघांतून आबांना सांगितलं. म्हातारे आहेत, घड उचलताना हळू होतात, असं मी स्वतःला समजावलं. आबा म्हणाले, "बरं." एवढंच. मी दिलेल्या शब्दातून पाचांपैकी चार माणसं गळाली होती आणि नानांनी मला एका अक्षरानं विचारलं नव्हतं. त्यांनी ओरडावं, असं मला मनापासून वाटे. ते जेवत आणि उठून जात. आई मात्र भाकरी वाढताना म्हणाली, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." म्हण जुनीच, पण त्या दिवसांत गावात पाच जोड्या खरोखरच रिकाम्या दावणीला उभ्या होत्या.

माल कमी का, या विचारानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती. बागा त्याच, शेतकरी तेच. मग एक दिवस कोणीतरी सांगितलं, की आबांची गाडी पानांनी झाकलेली, नदीकडून येताना दिसते. झालं. मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. राग धरून हे लोक आपला माल दुसरीकडे वळवत आहेत, म्हणून ट्रक भरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मारुतीच्या देवळासमोर आबांची गाडी अडवली. तिथं पाच-सात माणसं बसलेली होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो.

"आबा, हा माल कोणाचा?"

"मना शे, भाऊ."

"तुमची बाग कधी झाली? आमचा माल तुम्ही वळवताय, हे मला कळत नाही असं समजू नका."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गाडीवरून उतरले, मागं गेले आणि एकेक पान बाजूला केलं. खाली केळीची खुंटं होती. घड काढल्यावर तोडून फेकलेली, पाण्यानं जड झालेली, आतून पांढरी. काम बंद झाल्यापासून कडबा विकत घेणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून बागांतून ती खुंटं वेचून ते बैलांना घालत होते. बैलांची हाडं मला तेव्हा दिसली. गावची नजर लागावी अशी ती जोडी, आणि तिच्या पाठीला खळगे पडले होते. आबांनी पानं पुन्हा नीट झाकली आणि ते निघून गेले. देवळासमोरची माणसं उठून पांगली. माफी मागायची असते, हे मला कळत होतं. मी घरी जाऊन झोपून राहिलो.

आठवडा झाला असेल. सकाळी घड कापून बागेत पडलेले, आणि ट्रकची गेअरपेटी गेली. ड्रायव्हर म्हणाला, धुळ्याहून सामान आणल्याशिवाय हा हलणार नाही. वॅगनीची वेळ ठरलेली. पाच गाड्या गोळा करायच्या, तर एकजण सुरतेला, दोघं मजुरीला परगावी. मी आबांच्या दारात गेलो. काय तोंडानं गेलो, ते विचारू नका. आबा दावणीपाशी होते.

"आबा, ट्रक बंद पडला. पाच गाड्या लागतील. दोनच दिसताहेत."

आबा म्हणाले, "दोन पुरतीन."

मी म्हणालो, दोन फेऱ्यांना वेळ नाही. ते पुन्हा म्हणाले, "दोन पुरतीन, भाऊ," आणि जू खांद्यावर घेऊन बाहेर आले.

बागेत त्यांनी आणि दुसऱ्या गाडीवानानं पानांची पातळ गादी घातली, घड उभे केले, त्यांच्यावर दुसरा थर रचला, वर दोरी ओढली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. कापलेला सगळा माल त्या दोन गाड्यांत बसला. दुसऱ्या गाडीत थोडी जागा उरली, तिथं आबांनी मला बसायला सांगितलं.

मी बसलो नाही. आबांच्या गाडीमागून पाचोऱ्यापर्यंत चालत गेलो. बैल थकलेले असूनही आम्ही वेळेत पोचलो, कारण त्या दिवशी आबा कुठं थांबलेच नाहीत. मुनिमांनी घड मोजले. रोजच्याइतकेच.

परतताना रिकाम्या गाडीत मी आबांच्या शेजारी बसलो. मैलभर वाट सरली. मग त्यांनीच सांगितलं. मी रांगत असताना माल खरंच पाच गाड्यांचा होता. मग बागांवर रोग आला, निम्म्याहून जास्त बागा मोडल्या. पाचांपैकी तिघांना घरी बसवायची वेळ आली. तेव्हा नाना एक दिवस गाडीपाशी येऊन म्हणाले, की आजपासून एकेरी थर लावा, केळीला ओझं सोसत नाही. "आम्हीन बी समजनूत," आबा म्हणाले, "पन कोनी बोलनं नही. माल दोन गाडीनाच, पन घरे पाच व्हतात." मधली सगळी वर्षं नानांनी दोन गाड्यांच्या कमाईतून पाच फेऱ्यांचे पैसे दिले होते. आमचं घर इतकी वर्षं मातीचंच का राहिलं, तेही मला त्या गाडीत बसल्या बसल्या कळलं.

"धुळ्याला तुम्ही सांगायला हवं होतं, आबा."

"नानानी जे झाकं, ते मी कसं उघडू?"

मी विचारलं, उद्यापासून गाडी आणाल का. आबांनी कासरा या हातातून त्या हातात घेतला. म्हणाले, "बैलेसना बयाना लिधा शे. बजारना दिन देवाना शेत. आते खावाले काय घालू त्यासले?" बैल विकायचे ठरले होते, इसार घेतलेला होता. ती त्या जोडीची आमच्या मालाची शेवटची फेरी होती, आणि तिच्यासाठी मी आंधळ्यासारखा पाच गाड्या मागायला गेलो होतो. मला रडू आलं. आबांनी तोंड दुसरीकडे केलं आणि बैलांशी काहीतरी बोलत राहिले.

घरी आल्यावर मी नानांना म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

नाना म्हणाले, "तू गाड्या मोज्यात. माल मोजा का?" मग म्हणाले, "चारचौघेसमा सांगं असतं, ते त्यासले वाटतं, आपन फुकटनं खाई ऱ्हायनूत."

"मला एकट्याला सांगायचं होतं."

 "ते चुकनं मनं," नाना म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्यापुढं चूक कबूल केली ती तेवढीच, आणि ती त्यांची नव्हती.

त्यानंतर मी आठ दिवस माल तोलला. रोजचा, काट्यावर, एकेक घड. पावणेदोन टनांच्या वर कधी गेला नाही. तो कागद घेऊन मी धुळ्याला त्याच मिस्तरीकडे गेलो. त्यानं कागद वाचला, मला चहा दिला आणि मागचं काही काढलं नाही. ट्रक मिळेल त्या किमतीला गेला. नाकापेक्षा मोती जड होता, तो उतरला. बेडकासारखा दिसणारा टेम्पो मी चालवत गावात आणला. या वेळी शाळा सुटली नाही.

टेम्पोच्या दोन फेऱ्यांत सगळा माल वेळेत जाई. हत्तीच्या एका फेरीला जेवढं पेट्रोल लागे, त्याच्या निम्म्या पैशांतही टेम्पोच्या दिवसभराच्या फेऱ्या होत. जे उरलं त्यातून परगावी गेलेल्या दोघांना मी परत बोलावलं. ते आले. सुरतेला गेलेला आला नाही. त्याला मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं, त्यात सगळ्यांची खुशाली विचारली होती आणि येण्याबद्दल काही नव्हतं.

आबांना आणायला मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो. दावण रिकामी होती, शेण सारवून जागा स्वच्छ केलेली. देवळासमोर जे बोललो, त्याची माफी मी तिथं मागितली. आबा म्हणाले, "चाल, माल भरना शे ना?" आणि पायांत जोडे घातले.

त्या दिवशी टेम्पो बागेत उभा राहिला. आबांनी तळाला पानांची जाड गादी घातली, पूर्वी घालत तशी. तिच्यावर एकेक घड आडवा ठेवला. एक थर झाल्यावर ते थांबले. मग त्यांना आठवलं असावं. ते ओशाळले आणि पहिला घड उभा करायला वाकले. टेम्पोवर मी नवा ड्रायव्हर ठेवला होता, भडगावकडचा. तो म्हणाला, "मालक, उभे रचून दोन थर केले तर दोन फेऱ्यांत भागेल. असं ठेवलं तर चार होतील."

बागेच्या बांधावर नाना उभे होते. बाकीचे तिघं पानं घेऊन थांबले होते. चार फेऱ्या म्हणजे डिझेल किती, ते माझ्या डोक्यात लगेच झालं. एव्हाना तेवढं मला येऊ लागलं होतं. दोन फेऱ्या सकाळी लवकर काढल्या तर उरलेल्या दोनही वेळेत जातील, हेही झालं. परवडत होतं.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "घडावर घड ठेवायचा नाही. केळीला ओझं सोसत नाही."

आबा वाकलेले होते. त्यांनी उचललेला घड पुन्हा आडवा ठेवला, त्याच्यावर पान ओढलं, आणि दुसरं पान मागण्यासाठी हात मागं केला. ते माझ्या हातात होतं. मी दिलं.